चुचो वाल्देस : बाताचे बोल पियानोवर

चुचो वाल्देस हे आफ्रो-क्यूबन जॅझ संगीतातील अग्रगण्य पियानोवादक, संगीतरचनाकार आणि वाद्यवृंदप्रमुख होत. 'इराकेरे' या वाद्यवृंदाचे संस्थापक म्हणून जगाला त्यांची ओळख झाली. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणल्या गेलेल्या माणसांनी आपल्या पूजाविधींत जपून ठेवलेले ताल त्यांनी जॅझच्या मंचावर आणले आणि त्यांना पियानोची साथ न देता, पियानोलाच त्या तालांची भाषा शिकवली. त्यांच्या सहा दशकांहून अधिक काळाच्या कारकिर्दीचा हा गाभा आहे.

परंतु या कारकिर्दीकडे केवळ संगीताचा संगम म्हणून पाहिले, तर तिची एकच बाजू दिसते. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातील प्रत्येक कलावंतापुढे मायदेशी राहायचे की देश सोडायचा, हा प्रश्न उभा होता. वाल्देस यांचे वडील गेले. पुढे त्यांचे सर्वांत गुणी सहकारी गेले. वाल्देस स्वतः दीर्घकाळ मायदेशीच राहिले, आणि त्यांच्या संगीताची बरीचशी जडणघडण या राहण्यातूनच झाली.

किविकान ते हवाना

दिओनिसिओ हेसूस वाल्देस रोद्रिगेस हे त्यांचे पूर्ण नाव. त्यांचा जन्म हवाना शहराच्या दक्षिणेकडील किविकान या गावी ९ ऑक्टोबर १९४१ रोजी झाला. त्यांचे वडील बेबो वाल्देस यांचा जन्मही याच गावी, याच तारखेला, १९१८ साली झाला होता. आई पिलार रोद्रिगेस या गायिका आणि पियानोच्या शिक्षिका. अशा घरात वयाच्या तिसऱ्या वर्षीच चुचो कानावर पडलेल्या चाली पियानोवर वाजवू लागले, याचे नवल वाटू नये. त्यांचे रीतसर शिक्षण लवकरच सुरू झाले आणि चौदाव्या वर्षी त्यांनी हवानाच्या नगर संगीत विद्यालयातील अभ्यासक्रम पूर्ण केला. पंधराव्या वर्षी त्यांनी स्वतःचे पहिले जॅझ त्रिकूट उभे केले.

वडिलांविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण मुलाने पुढे जे केले त्याचा आरंभ तेथे आहे. बेबो वाल्देस १९४८ पासून जवळजवळ दहा वर्षे हवानाच्या 'ट्रोपिकाना' या प्रसिद्ध रंजनगृहात पियानोवादक आणि संगीतसंयोजक होते. नॅट किंग कोल यांच्यासारखे अमेरिकी कलावंत तेथे येत. त्यामुळे अमेरिकी जॅझ आणि क्यूबन नृत्यसंगीत यांची गाठ तेथे रोजच पडत असे. १९५२ मध्ये बेबो यांनी 'बातांगा' नावाचा नवा नृत्यताल मांडला. त्यासाठी त्यांनी मोठ्या वाद्यवृंदात 'बाता' हे पूजाविधीतील तालवाद्य बसवले. बातांगा फार काळ टिकला नाही, मांबो आणि चाचाचा यांच्या लाटेत तो वाहून गेला. मात्र देवघरातले वाद्य नृत्यगृहात आणता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले. त्या वेळी चुचो अकरा वर्षांचेही नव्हते.

१९५९ मध्ये चुचो वडिलांच्या 'साबोर दे कुबा' या वाद्यवृंदात पियानो वाजवू लागले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६० मध्ये, बेबो यांनी देश सोडला. मेक्सिको आणि स्पेनमार्गे ते १९६३ मध्ये स्टॉकहोम येथे पोहोचले, तेथे त्यांनी विवाह केला आणि तेथेच ते स्थायिक झाले. ज्यांच्या संयोजनावर एके काळी हवाना नाचत असे, ते पुढची तीस वर्षे स्वीडनमधील हॉटेलांत जेवणाऱ्या पाहुण्यांसाठी पियानो वाजवत राहिले. क्यूबामध्ये त्यांचे नाव घेणे हळूहळू बंद झाले. एकोणीस वर्षांचे चुचो हवानातच राहिले.

बाता म्हणजे काय

पखवाज पाहिलेल्या वाचकाला बाताचे चित्र चटकन डोळ्यांपुढे येईल. दोन्ही तोंडांवर कातडे मढवलेले हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून दोन्ही हातांनी वाजवतात. फरक असा की त्याचा मधला भाग डमरूप्रमाणे आवळलेला असतो आणि एक तोंड दुसऱ्यापेक्षा मोठे असते. बाता एकटा वाजत नाही, तो तिघांचा संच असतो. सर्वांत लहान 'ओकोन्कोलो' एकच ठेका धरून ठेवतो, मधला 'इतोतेले' उत्तरे देतो, आणि सर्वांत मोठा 'इया' संवाद चालवतो. योरुबा भाषेत 'इया' म्हणजे आई. तिन्ही मिळून सहा कातडी आणि सहा स्वर होतात. योरुबा भाषेत स्वराच्या चढउतारावरून शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून हे ढोल बोलण्याची नक्कल करू शकतात. ते देवतांची नावे घेतात, त्यांना हाक मारतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम आफ्रिकेतील ओयो साम्राज्य कोसळले आणि युद्धात पकडलेले असंख्य योरुबा लोक क्यूबातील उसाच्या मळ्यांवर विकले गेले. तेथे गुलामगिरी १८८६ मध्ये संपुष्टात आली. या लोकांनी आपल्या 'ओरिशा' देवता कॅथलिक संतांच्या आडोशाने जपल्या. चांगो ही मेघगर्जनेची देवता सांता बार्बारा म्हणून पूजली गेली, तर बाबालू आये सान लाझारो म्हणून. या पंथाला सांतेरिया किंवा 'रेग्ला दे ओचा' म्हणतात. अभिमंत्रित बाता केवळ त्याच्या विधींत वाजत. विधीबाहेर, श्रोत्यांसमोर बातावादन पहिल्यांदा झाले ते १९३६ मध्ये, फेर्नांदो ओर्तिस या अभ्यासकाच्या पुढाकाराने. म्हणजे चुचो यांच्या जन्मापूर्वी अवघी पाच वर्षे.

क्यूबन संगीत समजून घेताना आणखी एक शब्द माहीत असावा लागतो, तो म्हणजे 'क्लावे'. दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून वाजवला जाणारा हा पाच ठोक्यांचा ठेका असून तो दोन भागांत विभागलेला असतो. एका भागात तीन ठोके, तर दुसऱ्या भागात दोन. बाकीचे सर्व वादक, गायक आणि नर्तकसुद्धा या ठेक्याला धरून चालतात. कित्येकदा तो प्रत्यक्ष वाजतही नाही, पण सर्वांच्या मनात चालू असतो. आपल्या तालाशी त्याची तुलना काही अंशीच करता येईल. त्यात समेवर येऊन विसावण्याची सोय नाही, तो अखंड फिरत राहतो आणि वादकाने त्याच्या आडवे जायचे नसते, एवढेच.

तीन माणसे, एक प्रयोग

साठच्या दशकात चुचो हवानातील हॉटेलांत आणि नाट्यगृहांच्या वाद्यवृंदांत काम करत होते. अमेरिकेच्या आर्थिक नाकेबंदीमुळे नव्या ध्वनिमुद्रिका मिळणे कठीण झाले होते. तेव्हाचे तरुण वादक 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीवरील विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम ऐकून नवे प्रवाह टिपत. जॅझ ही शत्रुराष्ट्राची कला, असा संशय सरकारी वर्तुळात होता, म्हणून तिचे नाव उघडपणे घेणेही अवघड असे. १९६७ मध्ये उत्तमोत्तम वादकांचा सरकारी वाद्यवृंद स्थापन झाला, तेव्हा त्याचे नाव ठेवले गेले 'आधुनिक संगीताचा क्यूबन वाद्यवृंद'. वाजवायचे ते बरेचसे जॅझच होते. चुचो त्यात पियानोवर होते. १९७० मध्ये पोलंडमधील 'जॅझ जँबोरी' महोत्सवात त्यांनी आपल्या पंचकासह वादन केले आणि क्यूबाबाहेरच्या जाणकारांना त्यांचे नाव कळले. योरुबा प्रार्थनागीतांवर बेतलेली 'मिसा नेग्रा' ही त्यांची दीर्घ रचना याच काळातील. आठवणीत राहील अशी एखादी सुरावट घेऊन तिचा विस्तार करणे, ही जॅझची नेहमीची रीत तीत नाही. आवाहन, देवतेचे आगमन आणि निरोप, अशी पूजेच्या क्रमाने ती पुढे सरकते.

१९७२ मध्ये आलेली 'जॅझ बाता' ही ध्वनिमुद्रिका मात्र खरे वळण ठरली. पियानो, कार्लोस देल पुएर्तो यांचा बास आणि ओस्कार वाल्देस यांची तालवाद्ये, एवढाच तिचा संसार. जॅझमध्ये ज्यावाचून चालत नाही असे मानले जाई तो ड्रमसेट त्यांनी काढून टाकला आणि त्याच्या जागी बाता ठेवला. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी मोठ्या वाद्यवृंदात बाता मिसळला होता. मुलाने तो एका पियानोसमोर उघडा ठेवला. अशा वेळी पियानोवादकाला लपायला जागा उरत नाही. ओकोन्कोलोचा ठेका, इतोतेलेचे उत्तर आणि इयाची हाक यांच्यामध्ये त्यालाही बोलावेच लागते. चुचो यांच्या डाव्या हाताचे खर्जातील तुटक, जोरकस आघात ऐकताना ते पियानोवरचे सूर आहेत की कातड्यावरचा हात, असा क्षणभर संभ्रम पडतो. ही ध्वनिमुद्रिका त्या काळी फारशी खपली नाही. तिचे मोल पुढे उमगले.

इराकेरे

तीनच माणसांनी हे करता येते, तर अकरा जणांनी का नाही? १९७३ मध्ये सरकारी वाद्यवृंदातील काही तरुणांना घेऊन चुचो यांनी 'इराकेरे' स्थापन केला. योरुबा भाषेतील या शब्दाचा अर्थ आहे घनदाट झाडी. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवर पाकितो द रिव्हेरा, ट्रंपेटवर आर्तुरो सान्दोव्हाल, गिटारवर कार्लोस एमिलिओ मोरालेस, ड्रमसेटवर एन्रिके प्ला, आणि जोडीला 'जॅझ बाता'मधील दोघे साथीदार. यांतील जवळजवळ प्रत्येकाने पुढे स्वतंत्र कीर्ती मिळवली.

इराकेरेची युक्ती साधी होती आणि धूर्तही. लोकांना नाचायला हवे होते, म्हणून त्यांनी नृत्यगीते दिली. 'बाकालाओ कोन पान' हे त्यांचे गीत देशभर गाजले. पण त्याच गीतांत बाता वाजत होता, इलेक्ट्रिक गिटार गर्जत होती आणि ट्रंपेट व सॅक्सोफोन जॅझची अवघड वळणे घेत होते. नाचणाऱ्याला नाच मिळाला, ऐकणाऱ्याला जॅझ. 'जॅझ' हा शब्द कोठेही लिहिलेला नव्हता. धर्माकडे तिरक्या नजरेने पाहणाऱ्या राजवटीत ओरिशांच्या गीतांनाही लोकसंस्कृती म्हणून वाट मिळाली. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत इराकेरे ही क्यूबन वादकांची जणू पाठशाळा झाली. बासरीवादक होसे लुईस कोर्तेस तेथूनच बाहेर पडले आणि १९८८ मध्ये त्यांनी 'एनजी ला बांदा' हा गट काढला. नव्वदच्या दशकातील 'तिंबा' या नृत्यसंगीताचा उगम याच गटाकडे नेला जातो.

१९७७ च्या मे महिन्यात डिझी गिलेस्पी, स्टॅन गेट्झ आदी अमेरिकी जॅझ कलावंत जहाजाने हवानाला आले. क्रांतीनंतर अशी भेट प्रथमच घडत होती. इराकेरेचे वादन ऐकून पाहुणे थक्क झाले आणि पाठोपाठ कोलंबिया या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीने गटाशी करार केला. २८ जून १९७८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात, पूर्वघोषणा न करता इराकेरेला मंचावर आणले गेले. या मैफलीचे आणि त्याच वर्षीच्या माँत्रो महोत्सवातील वादनाचे ध्वनिमुद्रण 'इराकेरे' याच नावाने प्रसिद्ध झाले. त्यात 'मिसा नेग्रा' आहे, तसेच मोझार्टच्या सुरावटीवर आधारलेले संथ वादनही आहे. १९८० च्या ग्रॅमी सोहळ्यात या ध्वनिमुद्रिकेला पुरस्कार मिळाला.

त्या जून महिन्यातील दुसरी घटना पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही. मुलाचे वादन ऐकण्यासाठी बेबो वाल्देस न्यूयॉर्कला आले होते. पितापुत्रांची भेट अठरा वर्षांनी झाली.

जाणारे आणि राहणारे

१९८० मध्ये स्पेनच्या दौऱ्यावर असताना पाकितो द रिव्हेरा यांनी गट सोडला आणि अमेरिकेत आश्रय घेतला. १९९० मध्ये सान्दोव्हाल यांनीही रोममध्ये अमेरिकेकडे आश्रय मागितला. द रिव्हेरा यांनी क्यूबन राजवटीवर आयुष्यभर कडाडून टीका केली. चुचो मायदेशी राहून वाजवत राहिले आणि राजकारणावर फारसे बोलले नाहीत. त्यांच्या या मौनाचा काहींनी राजवटीला पाठिंबा असा अर्थ लावला, काहींनी तडजोड असा. संगीताच्या दृष्टीने पाहता, इराकेरे पंचवीस वर्षे टिकला तो या राहण्यामुळे, हे नाकारता येत नाही. गेलेल्या प्रत्येकाच्या जागी नवा मुलगा घडवावा लागला. ज्या मुलांना बाता देवघरातच ऐकून माहीत होता आणि जॅझ नभोवाणीवरून, त्यांना दोन्ही एकत्र शिकवणारा माणूस हवानातच हवा होता.

नव्वदच्या दशकात चुचो वाद्यवृंदाच्या गर्दीतून बाहेर पडून पुन्हा पियानोकडे वळले. अमेरिकी ट्रंपेटवादक रॉय हारग्रोव्ह यांच्या 'क्रिसोल' गटाबरोबरची 'हबाना' ही ध्वनिमुद्रिका १९९७ मध्ये आली व तिला ग्रॅमी मिळाले. १९९८ मध्ये त्यांनी इराकेरेचा निरोप घेतला. त्याच वर्षी 'बेले बेले एन ला हबाना' आणि १९९९ मध्ये 'ब्रियुंबा पालो कोंगो' या ध्वनिमुद्रिका आल्या. दुसरीचे शीर्षक योरुबांऐवजी कोंगो खोऱ्यातून आलेल्या लोकांच्या परंपरेकडे बोट दाखवते. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या लहानशा तळघरातील वादनाची ध्वनिमुद्रिका २००० मध्ये निघाली आणि तिनेही ग्रॅमी मिळवले. तीत त्यांच्या भगिनी मायरा कारिदाद वाल्देस गायल्या आहेत.

त्यांच्या वादनात एक दोषही आहे, तो नोंदवायला हवा. हात मोठे, बोटे वेगवान आणि युरोपीय अभिजात संगीताचा अभ्यास पक्का, त्यामुळे आर्ट टेटम यांच्याप्रमाणे सुरांचा धबधबा सोडण्याचा मोह त्यांना अनेकदा आवरत नाही. काही मैफलींत हा वेग चालीला गुदमरवून टाकतो. बाताचा ठेका सोबत असतो तेव्हा हे क्वचितच घडते. तो त्यांना जमिनीवर ठेवतो.

२०१० मधील 'चुचोज स्टेप्स' या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांनी 'आफ्रो-क्यूबन मेसेंजर्स' हा गट बांधला. ध्वनिमुद्रिकेचे नाव जॉन कोल्ट्रेन यांच्या 'जायंट स्टेप्स'ची आठवण करून देते, तर गटाचे नाव आर्ट ब्लेकी यांच्या 'जॅझ मेसेंजर्स'ची. तिलाही ग्रॅमी मिळाले.

पुनर्भेट

दरम्यान स्टॉकहोममधील विस्मृतीतून बेबो वाल्देस बाहेर आले होते. त्यांना पुन्हा ध्वनिमुद्रणकक्षात आणले ते पाकितो द रिव्हेरा यांनी, १९९४ मध्ये. तेव्हा बेबो ७६ वर्षांचे होते. मुलाचा दुरावलेला सहकारी वडिलांच्या पुनरागमनाला कारणीभूत ठरला, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. पुढे स्पॅनिश दिग्दर्शक फेर्नांदो त्रुएबा यांनी २००० मधील 'काये ५४' या चित्रपटात पितापुत्रांना दोन पियानोंवर समोरासमोर बसवले. एर्नेस्तो लेकुओना यांची 'ला कोंपार्सा' ही रचना ते वाजवतात. कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. एरवी सुरांचा वर्षाव करणारे चुचो वडिलांच्या शेजारी मोजके सूर घेतात, हे मुद्दाम लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे.

दोघांची 'हुन्तोस पारा सिएंप्रे', म्हणजे 'कायमचे एकत्र', ही ध्वनिमुद्रिका २००८ मध्ये आली आणि २०१० मध्ये तिला ग्रॅमी मिळाले. बेबो यांच्या अखेरच्या वर्षांत चुचोही त्यांच्या जवळ, दक्षिण स्पेनमध्ये राहायला गेले. बेबो २२ मार्च २०१३ रोजी स्टॉकहोम येथे वयाच्या ९४ व्या वर्षी निवर्तले. पुढे चुचो यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मुक्काम हलवला.

२०१८ मध्ये, वडिलांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी 'जॅझ बाता २' सादर केली. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची मांडणीच पुन्हा घेतली होती, ड्रमसेट नाहीच. तीतील 'बेबो यांची १०० वर्षे' ही रचना वडिलांच्या स्मृतीला वाहिलेली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मायामी येथे 'ला क्रेआसिओन' या बृहद्रचनेचा पहिला प्रयोग झाला. योरुबा परंपरेतील विश्वनिर्मितीची कथा तीत मोठा वाद्यवृंद, गायन आणि बाता यांच्या आधारे मांडली आहे. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. २०२५ साठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्यांना 'जॅझ मास्टर' हा बहुमान दिला.

२०२२ मध्ये पाकितो द रिव्हेरा आणि चुचो वाल्देस यांनी चार दशकांनंतर एकत्र ध्वनिमुद्रण केले. त्या ध्वनिमुद्रिकेच्या नावाचा अर्थ आहे, 'मलाही तुझी उणीव भासली'.